मोबाइलचे कुलूप मुलासमोर लावा

पालकसभेत आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आता अभ्यासाचा राहिलेला नाही. मुलाचा मोबाइल आवरायचा कसा, हाच तो.

अँड्रॉइड फोनसाठी गूगलचे ‘फॅमिली लिंक’ हे ॲप मोफत मिळते. ते पालकाच्या फोनवर घ्यायचे आणि मुलाचे खाते त्याला जोडायचे. मग रोज किती वेळ फोन चालेल, रात्री किती वाजता बंद होईल, हे आपल्या फोनवरून ठरवता येते. नवे ॲप घ्यायचे तर परवानगीची विचारणा आपल्याकडे येते. आयफोनमध्ये हेच काम सेटिंगमधील ‘स्क्रीन टाइम’ करते. अब्बू आखातात नोकरीला असतील तर हे अम्मीच्या फोनवरच घ्यावे. परवानगी मागणारा आणि देणारी एकाच घरात असलेली बरी.

अडचण बहुधा खात्याची असते. घरातला जुना फोन मुलाकडे जातो, त्यात अब्बूंचेच खाते चालू असते. किंवा मोठ्या वयाची जन्मतारीख टाकून खाते काढलेले असते. मग गूगलच्या लेखी तो फोन मोठ्या माणसाचाच. म्हणून फोटो आणि नंबर दुसरीकडे घेऊन फोन रीसेट करावा, आणि मुलाच्या खऱ्या जन्मतारखेने खाते काढावे. खोटी तारीख आपणच टाकायची आणि मुलाला खरे बोलायला सांगायचे, हे जमत नाही.

रात्री फोन बंद असतानाही कुरआनचे ॲप चालू राहील, अशी सोय त्यात आहे. रमजानमध्ये सहरी-तरावीहमुळे वेळा बदलाव्या लागतात. विसरलात तर पहिल्याच सहरीला घरात भांडण!

हे सगळे मुलाला शेजारी बसवून करावे, असा आमचा आग्रह आहे. सूरह हुजुरातमध्ये (४९:१२) लोकांची गुपिते हुडकत फिरण्यास मनाई आहे. सूरह नूरमध्ये (२४:५८) घरातल्या लहान मुलांनीही दिवसातून तीन वेळा परवानगी घेऊनच आत यावे, असे सांगितले आहे. म्हणजे एका छपराखाली राहूनही एकमेकांचा आडपडदा सांभाळायचा असतो. मुलांवर लक्ष ठेवणे हे आईबापाचे कर्तव्यच आहे, पण लक्ष आहे हे मुलाला ठाऊक असावे. फॅमिली लिंक मुलाचे मेसेज आपल्याला वाचून दाखवत नाही, आणि आम्हाला ते योग्यच वाटते.

आता थोडे कडू. कित्येक घरांत मुलीचा फोन दिवसातून तीनदा तपासला जातो आणि भावाचा रात्री दोनपर्यंत चालतो, त्याला कोणी विचारत नाही. नजर खाली ठेवण्याचा हुकूम त्याच सूरह नूरमध्ये (२४:३०) आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. तेव्हा कुलूप लावायचे तर दोघांच्याही फोनला.

या दुजाभावाची किंमत मुलगी मोजते. कोणी फोटोवरून धमकावले तरी ती घरी बोलत नाही. आधी फोन जाईल, मग शाळा, हे तिला माहीत असते. म्हणून सेटिंग करतानाच तिला स्पष्ट सांगावे की असे काही घडले तर दोष तुझा नाही, फोनही जाणार नाही आणि शाळाही सुटणार नाही. तिने मेसेज पुसू नयेत, स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. सायबर गुन्ह्याच्या तक्रारीसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे दोन नंबर त्याच बैठकीत तिच्या फोनमध्ये सेव्ह करून द्यावेत, आणि भावाच्याही.