काटा काय म्हणतो, ते सोडा

जाड माणसाला सल्ले देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वानवा नसते. किडकिडीत माणसाच्या ताटात मात्र आग्रहाने आणखी एक जिलेबी पडते. ‘तुम्हाला काय होतंय? घ्या की!’ परवा मुंजीच्या पंगतीत माझ्या शेजारी असेच एक काका होते. मनगटं एवढीशी, गालफडं बसलेली आणि झब्ब्याखाली व्यवस्थित जोपासलेली ढेरी. ‘कॉलेजात होतं तेवढंच वजन आहे आपलं,’ मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावत त्यांनी सांगितलं. असेलही. पण दंड-मांड्यांतून निघून त्याची पोटावर बदली झाली, हे काट्याला कुठून कळणार?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही गोष्ट स्वतःचंच उदाहरण देऊन जगाला दाखवली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! याची मुळं पार गर्भापर्यंत जातात. याज्ञिकांच्या चमूने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं अभ्यासली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, स्नायूही तुटपुंजे. चरबी मात्र त्या मानाने राखलेली.

जेवणानंतर रक्तात उतरणारी साखर उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात. ते मुळात कमी, त्यात दिवसभर खुर्चीला खिळलेले; मग साखर रक्तातच रेंगाळते आणि मधुमेह जवळ येतो. वर सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी भाताचा डोंगर आणि पातळ वरण, रात्री दहाला जेवून हात धुतले की थेट अंथरूण. उपासाच्या दिवशी तर साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी! जन्माने मिळालेलं बदलता येत नाही. हे वेळापत्रक आपणच आखलेलं असतं.

आणि ते बदललं की फरक पडतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नेहमीसारखं वागणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. रोज किमान अर्धा तास चालणं आणि खाण्यात साखर, मैदा, तेल कमी करणं, एवढं सांगून ज्यांचा पाठपुरावा केला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. गंमत म्हणजे या मंडळींचं वजन फारसं घटलंच नव्हतं. ‘महिनाभर चाललो, काटा हलला नाही’ म्हणून बूट कोपऱ्यात भिरकावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तेव्हा शिवणाच्या डब्यातली टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती लावा. बायकांच्या बाबतीत ८० आणि पुरुषांच्या बाबतीत ९० सेंटिमीटरच्या पुढे आकडा गेला, तर अंगकाठी कशीही असो, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासून घ्या. अट एकच: मोजताना पोट आत ओढायचं नाही.