कार्डाची लिपी

अष्टागरांतील कित्येक जुन्या घरांत मोडी लिपींतील दप्तरें अद्याप आहेत. कागद शाबूत, शाई ठळक. परंतु वाचणारा कोणी नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत पणजोबांचें हस्ताक्षर घरच्यांसच परकें झालें. हाच प्रकार आज नखाएवढ्या मेमरी कार्डाच्या बाबतींत घडत आहे. म्हणून त्याकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मुंबई-पुण्यास राहणारीं मुलें गणपतीला अलिबाग-रेवदंड्याकडे घरीं येतात, आजीच्या ओव्या व आरत्या मुद्रित करतात, आणि टीव्हीला जोडलेल्या रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाच्या कार्डावर त्या सांठवितात. असल्या यंत्रावर कोडी हा कार्यक्रम बहुधा लिनक्सच्या आश्रयानें चालतो. त्याच्या कार्डाचे दोन भाग असतात. यंत्र सुरू करणारा लहान भाग फॅट मांडणीचा. आणि सर्व ठेवा ज्यांत असतो तो मोठा भाग ईएक्सटी४ मांडणीचा. हें कार्ड विंडोजच्या संगणकांत घातलें असतां मोठा भाग त्यास उमगत नाहीं, व कार्ड वापरण्यापूर्वीं फॉरमॅट करावें, असें तो सुचवितो. त्यास होकार देणें म्हणजे मोडी वाचतां येत नाहीं म्हणून दप्तर बंबांत घालण्यासारखें आहे!

यास्तव घरचा ठेवा यंत्राच्या कार्डावर न ठेवतां वेगळ्या कार्डावर ठेवावा, हें उत्तम. त्याची मांडणी कोणती असावी? फॅट३२ बहुतेक सर्व यंत्रें वाचतात. परंतु तींत ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाहीं, व लग्नमुंजींचे चित्रपट तर त्याहून मोठे असतात. एनटीएफएस ही विंडोजची मांडणी. मॅक ती वाचतो, पण तींत आपणहून लिहीत नाहीं. एक्सफॅट मात्र तिघांसही चालते. मायक्रोसॉफ्टनें ती २००६ मध्यें आणली आणि २०१९ मध्यें तिचें विवरण प्रसिद्ध केल्यावर लिनक्सच्या गाभ्यांतही तिला स्थान मिळालें. तिच्यांत एक उणीव आहे. लिहिणें चालू असतां वीज गेली, तर सांवरून घेण्याची सोय तींत नाहीं. आपल्याकडे पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. म्हणून कार्ड काढण्यापूर्वीं यंत्रास तशी सूचना द्यावी व दुसरी प्रत निराळी ठेवावी.

मांडणी बदलतांना कार्डावरील सर्व मजकूर पुसला जातो. येथें अलिबागचाच धडा गिरवावा. मुंबईंत विजेच्या ट्राम येणार, म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेचें काम अलिबागेस नेण्याचें ठरलें. तेव्हां १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेण्यांत आल्या, जेणेंकरून जुन्या नोंदींचा नव्यांशीं मेळ बसावा. आपणही प्रथम सर्व फाइली अन्यत्र उतरवून घ्याव्या, त्या उघडून पाहाव्या, आणि मगच जुन्या कार्डास हात लावावा.

यंदा गणपतीला मुलें आपापले संगणक घेऊन जमतील, तेव्हां घरचें कार्ड एकेकांत घालून पाहावें. फॉरमॅटचा प्रश्न आला, तर नकार द्यावा; आणि जें उघडत नाहीं त्याची प्रत, विसर्जनानंतर पांगापांग होण्यापूर्वींच, सर्वांस वाचतां येईल अशा मांडणींत करून ठेवावी.