विश्लेषण : बदलीचा भत्ता चुकून जास्त मिळाला, परत करावाच लागतो का?

बदलीनंतर सामान हलवण्याचा आणि कुटुंबाच्या प्रवासाचा खर्च सरकार देते. हिशेब चुकल्याचे लेखापरीक्षणात उघड झाले, की कर्मचाऱ्याच्या हाती वसुलीचा आदेश पडतो. चूक कार्यालयाची असेल, तर भुर्दंड कर्मचाऱ्याला का?

चूक कुठे होते?

केंद्रीय कर्मचाऱ्यांना सातव्या वेतन आयोगानंतर शेवटच्या महिन्याच्या मूळ वेतनाच्या ८० टक्के एकत्रित बदली अनुदान मिळते. बदली त्याच शहरात किंवा २० किलोमीटरच्या आत असेल, तर त्याच्या एक तृतीयांशच. तेही घर प्रत्यक्ष बदलले तरच. म्हणजे ५० हजार मूळ वेतन असलेल्याला ४० हजारांऐवजी १३,३३३ रुपये. हा नियम नजरेतून सुटला तर २६,६६७ रुपयांचे अतिप्रदान होते. पती-पत्नी दोघांची ६० दिवसांच्या आत एकाच ठिकाणी बदली झाल्यास नंतर बदली झालेल्याला अनुदान नसते. तिथेही दुहेरी रक्कम निघण्याचा धोका असतो.

न्यायालय काय म्हणते?

चंडी प्रसाद उनियाल प्रकरणात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने, हा करदात्यांचा पैसा असल्याने चुकून दिलेली रक्कम सर्वसाधारणपणे वसूल करता येते, असे म्हटले. रफिक मसीह प्रकरणात (२०१४) मात्र वसुली कुठे करू नये, हे सांगितले : गट क आणि ड कर्मचारी, निवृत्त किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, पाच वर्षांहून अधिक काळ सुरू राहिलेले जादा प्रदान, वरिष्ठ पदाचे काम चुकीने करून घेतलेले असल्यास, आणि वसुली अन्यायकारक ठरेल अशी इतर प्रकरणे. २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात न्यायालयाने याला मर्यादा घातली. ‘जास्त मिळाल्यास परत करीन’ असे वचनपत्र दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली योग्य ठरली. मात्र ती दोन वर्षांच्या हप्त्यांत करण्यास सांगितले.

बदली भत्त्यात वेगळे काय?

वरील निकाल मुख्यतः वेतननिश्चितीच्या वादांतून आले. तिथे जादा रक्कम वर्षानुवर्षे थोडी थोडी मिळत राहते. बदली भत्ता एकदाच मिळतो. त्यामुळे पाच वर्षांचे संरक्षण इथे क्वचितच कामी येते. शिवाय अंतर, घर, कुटुंबातील सदस्य ही माहिती कर्मचारीच देयकात देतो. माहिती खरी असून कार्यालयाने नियम चुकीचा लावला असेल, तर बाजू भक्कम राहते. माहितीच चुकीची असेल, तर सहानुभूतीला जागा उरत नाही.

नोटीस आल्यास काय करावे?

आदेश, हिशेब आणि आपल्या देयकाची प्रत लेखी मागावी. बाजू मांडण्याची संधी न देता थेट पगारातून कपात झाली, तर त्याला आव्हान देता येते. वसुली माफ करण्याचा निर्णय कार्यालयप्रमुख एकटा घेऊ शकत नाही. कार्मिक विभागाच्या २ मार्च २०१६ च्या परिपत्रकानुसार त्यासाठी केंद्रीय खर्च विभागाची स्पष्ट मंजुरी लागते. त्यामुळे ‘साहेब बघून घेतील’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. रक्कम खरोखरच जास्त असेल आणि संरक्षणाच्या गटात बसत नसेल, तर हप्त्यांची लेखी मागणी हाच व्यवहार्य मार्ग आहे.