वलगणीचा मासा आणि पुराचे गणित

जूनच्या पहिल्या जोरदार सरींनंतर जव्हार-मोखाड्यात ओढ्या-नाल्यांतून मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. या वलगणीच्या माशांची घरोघर वाट पाहिली जाते; काही ताजे खाल्ले जातात, काही सुकवून ठेवले जातात. मात्र त्याच पुरातून उन्हाळाभराचा कचरा, सांडपाणी, शेतात फवारलेली औषधेही वाहत येतात. मग हा मासा खावा का? १९९२-९३मध्ये वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी राज्याला हादरवले, त्या भागात ‘मासे टाळा’ असे सांगून मोकळे होता येत नाही. डाळ विकत आणावी लागते, मासा ओढ्यात मिळतो.

शास्त्रज्ञ याचा हिशेब मांडतात तेव्हा माशाला गळक्या पिंपासारखे समजतात. कल्ल्यांतून आणि खाद्यातून विष आत येते. कल्ले, विष्ठा आणि शरीरातील विघटन यांवाटे बाहेर जाते. आवक-जावक सारखी झाली की पातळी स्थिरावते. प्रयोगशाळेतील प्रमाणित चाचणीत त्यासाठी मासे साधारण २८ दिवस दूषित पाण्यात ठेवतात. सह्याद्रीच्या उतारावरचा पूर मात्र दोन दिवसांत ओसरतो.

हा फरक मोठा आहे. समजा, एखाद्या रसायनाचा निम्मा साठा एका दिवसात बाहेर पडतो. दोन दिवसांच्या पुरात ते कमाल पातळीच्या ७५ टक्क्यांपर्यंत चढेल, पण स्वच्छ पाण्यात पुढच्या चार दिवसांत त्याचा सोळावा भागच उरेल. निम्मा निचरा व्हायला महिना लागणारे रसायन त्याच दोन दिवसांत पाच टक्केही गाठणार नाही. अर्थात, त्याची कमाल पातळीच प्रचंड असेल तर पाच टक्केही थोडे नव्हेत. चरबीत मुरणारी जुनी कीटकनाशके आणि मिथाइल पारा या दुसऱ्या गटातले.

गढूळपणाही दोन्ही बाजूंनी काम करतो. मातीच्या कणांना चिकटलेले रसायन कल्ल्यांतून सहज शिरत नाही. पण पूर ओसरल्यावर तोच गाळ डोहात बसतो, त्यातले किडे विष घेतात आणि ते खाणारे वाम, चिंबोऱ्या पुढे ते साठवतात. म्हणजे अशा चिवट रसायनांपुरती काळजी चढणीच्या माशापेक्षा नंतरच्या महिन्यांतील तळाच्या माशाची अधिक करायला हवी. अमेरिकेत २००५च्या कतरिना वादळानंतर सरकारी यंत्रणांनी मासे तपासले, तेव्हा रसायनांचे प्रमाण मर्यादेतच आढळले होते.

तारापूरसारखी रासायनिक वसाहत जव्हार-मोखाड्यात नाही, ही जमेची बाजू. पण बाहेर तयार झालेली गणिते इथे जशीच्या तशी लावता येत नाहीत. तपासणी बहुतेकदा माशाच्या मांसाची होते. इथे बारीक मासा डोक्या-पोटासकट खाल्ला जातो आणि यकृतात विष अधिक साठू शकते. ताज्या माशात तीन-चतुर्थांश पाणी असते. तो सुकवला की दर ग्रॅममागे धातूंचे प्रमाण जवळपास चौपट होते. शिजवल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत.

शिवाय, ६० किलोच्या माणसाने १२० ग्रॅम मासे खाल्ले तर किलोमागे दोन ग्रॅम पडतात. १० किलोच्या मुलाने ४० ग्रॅमच खाल्ले तरी चार. त्यामुळे वैतरणा आणि पिंजाळच्या खोऱ्यात नमुने घ्यायचे तर ते आख्ख्या बारीक माशाचे, सुकटीचे आणि पुरानंतर महिन्याभराने डोहाच्या तळाचेही घ्यावे लागतील.