गोधडीची ऊब आणि कापलेली बोटं

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात थंडी कशी पडते, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. ओतूर असो, घोडेगाव असो, की डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची एखादी वाडी, गोधडीशिवाय पौष-माघ सरत नाही. गोधडीवर आजवर पुष्कळ लिहून झालंय. आजीच्या लुगड्याचा वास, आईची माया, धावदोऱ्याची नक्षी... सगळं अगदी खरं! पण ती गोधडी ज्या हातांनी तयार होते, त्या हातांबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. म्हणून आज मायेबद्दल नाही, बोटांबद्दल लिहायचं ठरवलंय.

बचत गटांच्या कामासाठी माझं या दोन्ही तालुक्यांत फिरणं असतं. गोधड्या आणि दुपटी शिवणाऱ्या एका गटाच्या बैठकीत मी सहज म्हटलं, "जरा सगळ्यांनी हात पुढे करा बघू." कुणाच्या डाव्या तर्जनीवर जुना व्रण, कुणाच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली, कुणाच्या बोटाला कात्रीच्या कडीनं पडलेला घट्टा. विचारलं तर उत्तर एकच, "काही नाही हो ताई, कात्री लागली. होतंच असतं."

हे 'होतंच असतं' मला मान्य नाही. सुगरणीचा हात भाजतो आणि शिवणारणीचा कापतो, हे जणू आपण नशिबातच लिहून घेतलंय!

काहीजणी म्हणतात, "आमच्या आज्या कुठं काय जपत होत्या? त्यांनी नाही का ढीगभर वाकळा शिवल्या?" शिवल्या ना. पण त्यांच्या हातात कापड कुठलं होतं, तेही बघा. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं, धोतर. कडेला जरासा छेद दिला की ते धाग्याच्या रेषेत सरळ फाटायचं, कात्रीचं काम थोडंच असायचं. आज आपल्यापुढे येतात त्या नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या, जाड जीन्स, जुन्या चादरी. सिंथेटिक साडी घडीत घसरते, जीन्स हातानं फाटता फाटत नाही. म्हणजे कापणं वाढलं आणि कापायला कठीणही झालं. कापड बदललं, तर कापायची रीत नको का बदलायला?

पहिला प्रश्न कात्रीचा. बहुतेक घरांत एकच कात्री असते. तीच दुधाची पिशवी फोडते, तीच मुलांचे पुठ्ठे कापते, वेळ पडली तर वायरही तिनंच तोडतात. अशी बोथट झालेली कात्री आपण कापडाला लावतो आणि वर म्हणतो, "बोथट आहे, लागणार नाही." खरं तर उलट आहे. धार नसली की जोर जास्त लावावा लागतो, कापड सुटतं आणि पातं भलतीकडे घसरतं. कापडाची कात्री वेगळी ठेवा, तिला धार लावून घ्या आणि घरात सगळ्यांना ठणकावून सांगा की ही कागदाला लावायची नाही. मेरठच्या कात्र्यांना २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. खटका उघडून, धार लावून त्या वर्षानुवर्षं वापरता येतात. चांगली कात्री हा खर्च नाही, भांडवल आहे.

आता कापायच्या पद्धतीबद्दल. जुने कपडे आधी धुऊन, वाळवून, उजेडात चाचपून बघा. ब्लाउजचे हूक, पदराला राहिलेली टाचणी, सेफ्टीपिन आधी काढा. एका वेळी बेताच्याच घड्या घ्या. कापड धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवून, पात्याच्या रेषेपासून दूर ठेवा. कात्री मांडीवर किंवा कापडाच्या ढिगाखाली ठेवू नका, देताना मुठीकडून द्या. ब्लेडनं कापायची सवय असेल तर ती सोडलेलीच बरी. अर्धं ब्लेड चिमटीत धरून शिवण उसवताना किती बोटं कापतात! उसवायला छोटं उसवणं मिळतं, तेही स्वस्तात. आणि जाड थर टाचताना बोटात धातूची टोपी, म्हणजे अंगुस्तान घाला.

शहरातल्या काही हौशी बायका आता गोल पात्याचा कटर वापरतात. जपानच्या ओल्फा कंपनीनं तो १९७९ मध्ये आणला. काम झपाट्यानं होतं, पण ते पातं वस्तऱ्यासारखं असतं. खाली जाड चटई आणि बोटांना आडोसा देणारी पट्टी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि हातातून ठेवताच पातं झाकावं. कपड्यांच्या कारखान्यांत यंत्रानं गठ्ठे कापणारे कारागीर कापड धरणाऱ्या हातात पोलादी कड्यांचा मोजा घालतात. तिथं त्याला कुणी नाजूकपणा म्हणत नाही. मग आपण बोट जपलं की नाजूक कशा काय ठरतो?

बोट कापलं तर बिघडतं काय, असंही कुणी विचारेल. पश्चिमेकडच्या गावांत पावसाळ्यात भाताची लावणी असते. कापलेलं बोट दिवसभर चिखलात राहिलं की चिघळतं. नारायणगाव-मंचरच्या बाजूला कांदा, टोमॅटोची कामं असतात. हाताला जखम म्हणजे मजुरी बुडाली. रेशनच्या मशीनवर कापलेला अंगठा उमटत नाही तो वेगळाच ताप! (अशा वेळी दुसरं बोट लावून बघायला सांगा, आधारसाठी दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात.) वर्षाला २० रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचं संरक्षण जरूर घ्या, पण ते मृत्यूसाठी आणि हात, पाय किंवा डोळा कायमचा गमावण्यासारख्या मोठ्या हानीसाठी आहे. कापलेल्या बोटामुळे बुडालेल्या चार दिवसांचे पैसे कुणीच देत नाही.

कापलंच, तर जखमेत हळद, चुना, चहाची पूड भरू नका. स्वच्छ कापडानं दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, सारखं उघडून बघू नका. रक्त थांबलं की वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुऊन पट्टी बांधा. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल, बोट वळत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर दवाखाना गाठा. धनुर्वाताचे जंतू नुसत्या गंजात नाही, माती, धूळ आणि शेणातही असतात. शेवटची लस कधी घेतली ते आठवत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. मधुमेह असलेल्या मैत्रिणींनी तर लहानसा कापही अंगावर काढू नये.

आणि आता खरा मुद्दा. गोधडीची किंमत ठरवताना आपण कापड धरतो, रीळ धरतो, कधीमधी मजुरी धरतो. कात्री, धार, अंगुस्तान यांचा हिशेब कुणी धरतं का? नगावर पैसे मिळतात म्हणून रात्री अपुऱ्या उजेडात, डोळे चुरचुरत असताना कापडं कापायची, आणि बोट कापलं तर ते आपल्याच खात्यात! ऑर्डर देणाऱ्याला हे सांगायला आपली जीभ का अडखळते?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. पात्र कारागिराला अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते, मात्र एका कुटुंबातून एकालाच. घरात शिवणारी बाई असेल तर अर्ज तिच्या नावानं व्हावा, हा आग्रह आपणच धरायला हवा. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचा पंप येतो, कोयत्याला धार लागते, कारण ते 'काम' आहे. आपलं शिवण मात्र 'फावल्या वेळातलं'. अवजार मागितल्याशिवाय ते काम ठरणार नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांची वसुली झाली की एक ठराव घ्या. गटाच्या पैशातून दोन चांगल्या कात्र्या, प्रत्येकीला एक अंगुस्तान आणि मलमपट्टीचा एक डबा. आणि यापुढच्या प्रत्येक गोधडीच्या किमतीत त्याचे थोडे पैसे धरायचे. गिऱ्हाइकानं विचारलं तर न लाजता सांगायचं, "हे आमच्या हातांचे आहेत."