थांबण्याची विद्या

वसई-विरार महानगरपालिका २००९ साली अस्तित्वात आली आणि २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु या प्रदेशाची खरी वाटणी लोहमार्गाने त्याच्या कितीतरी आधी करून ठेवली होती. पश्चिमेस निर्मळ, आगाशी, गास, भुईगाव यांसारखी केळीच्या वाड्यांची, बावखल म्हणविल्या जाणाऱ्या तळ्यांची आणि अरुंद, वळणावळणांच्या रस्त्यांची जुनी गावे. पूर्वेस वालीव, गोखिवरे, सातिवली, पेल्हार येथील कारखान्यांचे गाळे आणि त्यांना लागून मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग. आणि स्थानकांच्या दोन्ही अंगांस नालासोपारा व विरार येथील अफाट, अजूनही वाढतच असलेली वस्ती. ज्याचे घर एका बाजूस आणि रोजगार दुसऱ्या बाजूस, त्याला मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहत नाही. रात्रपाळीचा कामगार, पहाटेच्या लोकलसाठी फुलांच्या गाठी स्थानकावर पोचविणारा बागायतदार, पाठीवर चौकोनी पिशवी बांधून घरोघरी जेवण पोचविणारा तरुण आणि मुलाला पुढे व पत्नीला मागे बसवून शाळेच्या वेळेशी झुंजणारा कारकून, या सर्वांचे दैनंदिन जीवित दोन चाकांवर तोललेले आहे, आणि जून ते सप्टेंबर या काळात येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळत असताना ते ओल्या रस्त्यावर तोललेले असते.

अशा प्रदेशात दुचाकी चालविणे जवळजवळ प्रत्येकाला येते, पण ती संकटसमयी थांबविणे फार थोड्यांना येते, आणि या उणिवेबद्दल सरकारदरबारी किंवा घरीदारी कोणालाही विशेष खंत वाटत नाही, ही गोष्ट माझ्या मते चिंतेची आहे. पावसात कोणी पडला म्हणजे ‘गाडी स्लिप झाली’ एवढ्यावर आपण चौकशी संपवितो, जणू काही घसरणे हा केवळ प्रारब्धाचा भाग असून त्यात मनुष्याच्या हाताचा आणि पायाचा काही संबंधच नसतो. २०२२ सालात भारतात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. या मृत्यूंची कारणे अनेक आहेत आणि त्यांतील प्रत्येक मृत्यू ब्रेकच्या अज्ञानाच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे होईल. तथापि समोर संकट दिसल्यापासून टक्कर होईपर्यंतचे जे दोन-तीन सेकंद चालकाच्या स्वाधीन असतात, त्यांत काय करावे हे त्याला कोणीच शिकविलेले नसते, हेही तितकेच खरे आहे.

शिकविलेले असते ते बहुधा उलटेच असते. पुढचा ब्रेक दाबलास तर उलटून पडशील, ही ताकीद आपल्याकडे पित्याकडून पुत्राकडे वारसाहक्काने चालत आलेली आहे. तिचा उगम समजण्याजोगा आहे. सायकलवर उतारावरून येताना पुढचा ब्रेक एकदम आवळून तोंडावर आपटण्याचा अनुभव गावोगावच्या पोरांनी घेतलेला होता. पुढे १९७२ पासून आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या बजाज चेतकने मध्यमवर्गाला लहान चाकांची आणि ड्रम ब्रेकची सवय लावली, आणि त्या स्कूटरवर उजव्या पायाखालचा मागचा ब्रेक हाच काय तो भरवशाचा मानला गेला. ती यंत्रे गेली, पुढच्या चाकाला डिस्क आली, वेग वाढले, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर काँक्रीट आले. ती ताकीद मात्र इमानेइतबारे टिकून आहे आणि आजही पुष्कळ चालक केवळ पायावर विसंबून गाडी थांबवितात.

पदार्थविज्ञान या समजुतीच्या बाजूने साक्ष देत नाही. लोकल गाडी एकाएकी थांबली म्हणजे उभा प्रवासी जसा पुढे झुकतो, तसा ब्रेक लागताच गाडीचा आणि चालकाचा भार पुढच्या चाकावर येतो. पुढचे चाक रस्त्याला अधिक घट्ट चिकटते आणि मागचे हलके होत जाते. म्हणून कोरड्या रस्त्यावर थांबविण्याच्या एकूण सामर्थ्यापैकी सुमारे सत्तर टक्के आणि जोराने थांबविताना त्याहूनही अधिक वाटा पुढच्या चाकाचा असतो. मागचा ब्रेक जितका जोराने दाबावा तितका तो आपले हलके झालेले चाक लवकर जाम करतो, आणि जाम झालेले चाक फिरत्या चाकापेक्षा कमी पकड देत फरफटत जाते. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारा चालक संकट ओळखून हात हलवीपर्यंतच्या एका सेकंदात सतरा मीटर पुढे गेलेला असतो. त्यानंतर दोन्ही ब्रेक नीट वापरले तर कोरड्या रस्त्यावर साधारण वीस मीटरांत थांबता येते, आणि केवळ मागच्यावर विसंबल्यास तेच अंतर सुमारे दुप्पट होते. वालीव नाक्यावर आडव्या आलेल्या टेम्पोपुढे थांबणे आणि टेम्पोत घुसणे यांतील अंतर एवढेच असते.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे नऊशे मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात असे नमूद केले की, बहुसंख्य चालकांनी संकटसमयी मागचा ब्रेक अतिरेकाने दाबून चाक घसरविले होते आणि पुढच्या ब्रेकचा उपयोग फारच थोडा केला होता. तेथील रस्ते निराळे, वाहने निराळी आणि पाऊसही जेमतेम. तरी भयभीत मनुष्याचा पाय तेथेही तेच करीत होता. याचा अर्थ असा की, योग्य कृती ही उपजत बुद्धीने सुचणारी नाही. ती अभ्यासाने अंगी बाणवावी लागते.

ओल्या रस्त्यावर तर हा अभ्यास अधिकच निकडीचा होतो. पाऊस सुरू झाला की अनेक सावध गृहस्थ पुढच्या ब्रेकवरून बोट काढूनच घेतात. वस्तुतः पकड कमी झाली म्हणजे भार पुढे सरकण्याचे प्रमाण कमी होते, मागच्या चाकाचा वाटा थोडा वाढतो, परंतु मोठा वाटा तरीही पुढच्याचाच राहतो. बदलायचे असते ते प्रमाण आणि गती. लिव्हर झटक्याने न ओढता प्रथम हलकेच दाबावी, भार पुढच्या चाकावर स्थिरावू द्यावा आणि मग दाब क्रमाक्रमाने वाढवीत न्यावा. पायाचा दाब त्याच्या जोडीला, पण संयमित असावा. गाडी सरळ उभी असतानाच जोराचा ब्रेक घ्यावा, आणि वळणात संकट उद्भवलेच तर आधी गाडी सरळ करावी, कारण कललेले चाक आपली बरीचशी पकड वळण्यातच खर्च करीत असते. नजर खड्ड्यावर किंवा समोरच्या बंपरवर न खिळवता सुटकेच्या वाटेकडे ठेवावी. पुढचे चाक जाम झाल्याचे जाणवताच लिव्हर तत्काळ सोडून पुन्हा हलकेच धरावी. मागचे चाक जाम होऊन गाडी बरीच तिरकी झाली असेल तर मात्र पाय एकाएकी उचलू नये, कारण चाकाला अकस्मात पकड मिळून गाडी चालकाला उसळवून फेकू शकते.

रस्ता म्हणजे सर्वत्र एकच पृष्ठभाग नव्हे, हेही येथील चालकाने ध्यानात धरावे. उन्हाळाभर साचलेले तेल आणि धूळ पहिल्या सरींत कालवली जाऊन जो निसरडा लेप तयार होतो, तो पुढे मुसळधार पावसाने धुऊन जातो. म्हणून हंगामाचा पहिला पाऊस हा जुलैच्या झडीपेक्षा फसवा असतो. शहरात भरावाची माती वाहणाऱ्या डंपरांच्या चाकांतून सांडलेला चिखल, भर उन्हाळ्यातही पाण्याच्या टँकरांनी ओले करून ठेवलेले चढ, रंगवलेले पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, पुलांच्या सांध्यांवरील पोलादी पट्ट्या, आणि पश्चिमेच्या गावांत झाडांच्या सावलीत शेवाळलेले पेव्हर ब्लॉक, या प्रत्येक ठिकाणी पकड एकाएकी नाहीशी होते. अशा जागेवर ब्रेक दाबू नये. तिच्या अलीकडेच वेग कमी करून घ्यावा. साचलेल्या पाण्यातून बाहेर पडल्यावर ब्रेक काही अंतर हलकेच दाबून सुकवावेत, कारण भिजलेला ड्रम पहिल्या हाकेला ओ देत नाही आणि भिजलेली डिस्कही क्षणभर विलंब लावते. आणि सर्वांत स्वस्त उपाय वेगाचा आहे: ओल्या रस्त्यावर साठच्या वेगाने थांबावयास प्रतिक्रियेच्या अंतरासह अठ्ठेचाळीस-पन्नास मीटर लागत असतील, तर चाळीसच्या वेगाने सुमारे पंचवीस पुरतात. वेगातील एक-तृतीयांश कपात अंतर निम्म्यावर आणते, हा सौदा कोणत्याही शहाण्या माणसाने करावा असाच आहे.

यावर एक आक्षेप असा येईल की, हे काम आता यंत्र करते. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरील दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची आहे, आणि त्याखालील दुचाकींना एबीएस किंवा निदान दोन्ही चाकांना एकत्र रोधणारी सीबीएस असावी लागते. जून २०२५ मध्ये तर केंद्र सरकारने सर्व दुचाकींना एबीएस लावण्याच्या नियमाचा मसुदा काढला. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु सीबीएस चाक जाम होण्यापासून वाचवीत नाही. जुन्या गाड्या अजून वर्षानुवर्षे रस्त्यावर राहणार आहेत. आणि ज्यांच्याकडे एबीएस आहे त्यांपैकी कित्येकांनी ती काम करताना कधी अनुभवलेलीच नसते, त्यामुळे ऐन वेळी लिव्हरला थरथर जाणवताच ते दचकून पकड सैल करतात. शिवाय गुळगुळीत झालेल्या टायरला कोणतीही यंत्रणा नव्या खाचा पाडून देत नाही. यंत्र चूक झाकू शकते, ज्ञान पुरवू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक तीव्र आणि अधिक न्याय्य आहे. ज्या रस्त्यांवर पावसाळ्यात गुडघाभर खड्डे पडतात, २०१८ च्या जुलैप्रमाणे जेथे रूळ आणि रस्ते एकसारखेच पाण्याखाली जातात, तेथे चालकाला ब्रेक मारण्याचा उपदेश करणे म्हणजे कसूरदाराला सोडून फिर्यादीची उलटतपासणी घेणे नव्हे काय? मी हा आक्षेप शिरसावंद्य मानतो, इतकेच की त्याचा निष्कर्ष निराळा काढतो. रस्ता नीट राखणे हे महापालिकेचे आणि महामार्ग प्राधिकरणाचे कर्तव्य आहे आणि चालकाच्या कौशल्याची सबब पुढे करून त्यातून त्यांना तसूभरही मुभा मिळता कामा नये. परंतु खड्डा बुजेपर्यंत त्या वाटेने जाणाऱ्याला आपला जीव तहकूब ठेवता येत नाही. दोन्ही मागण्या एकाच वेळी करणे हाच नागरिकाचा हक्क आहे.

त्यांपैकी दुसरी मागणी, म्हणजे चालकाला थांबावयास शिकविण्याची, मोठी खर्चाची नाही आणि तिला नव्या कायद्याचीही गरज नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील पंधराव्या नियमात वाहनचालनाच्या चाचणीचे निकष दिलेले आहेत आणि त्यांत आणीबाणीच्या प्रसंगी वाहन थांबविता येणे हाही एक निकष स्पष्टपणे नमूद आहे. प्रत्यक्षात मात्र दुचाकीचा अर्जदार जमिनीला पाय न टेकविता मंद गतीने आठचा आकडा काढतो आणि पक्का परवाना घेऊन बाहेर पडतो. हा शिरस्ता तोल पाहतो, आणि तोल पाहणे योग्यच आहे. पण ज्या चाचणीत अर्जदाराला धावण्याच्या वेगाहून फारसे पुढे जावे लागत नाही, तिच्यात थांबण्याची परीक्षा होऊच शकत नाही. नियमातील एक कलम दप्तरात जिवंत आणि मैदानात मृत, अशी ही अवस्था आहे.

वसईच्या परिवहन कार्यालयाने, ज्याच्या एमएच-४८ या क्रमांकाच्या असंख्य गाड्या येथे धावतात, या कलमाची अंमलबजावणी आपल्यापासून सुरू करावी, अशी माझी सूचना आहे. ऐंशी-शंभर मीटरांची एक सरळ बंदिस्त पट्टी, ताशी तीस-पस्तीस किलोमीटरचा वेग, आखून दिलेली एक रेषा आणि त्या रेषेपुढे ठराविक अंतरात दोन्ही ब्रेक वापरून गाडी सरळ उभी करणे. प्रथम कोरड्या पट्टीवर आणि मग टँकरने भिजवलेल्या पट्टीवर. ज्यांच्याजवळ परवाना आधीच आहे त्यांच्यासाठी महापालिकेने मे महिन्यातील रविवारी आपली मैदाने याच कामी द्यावीत; दुचाकी विकणाऱ्यांनी गाडी ताब्यात देतेवेळी ग्राहकाला एकदा तरी तिचा एबीएस किंवा सीबीएस ब्रेक पूर्ण दाबायला लावावा; आणि वालीव-गोखिवऱ्याच्या कारखानदारांनी, ज्यांचे कामगार दुचाकीवरून पाळीला येतात, सुरक्षा सप्ताहातील एक दिवस फलकांऐवजी या अभ्यासाला द्यावा. यांतील एकही तजवीज अशक्य कोटीतील नाही, आणि पुढचा पाऊस येण्यापूर्वी निदान पहिली अमलात आणण्याइतका अवधी प्रशासनाजवळ निश्चितच आहे. राज्याने एखाद्याला रस्त्यावर चालण्याची सनद द्यावी आणि त्याला थांबता येते की नाही याची खातरजमाच करू नये, ही ढिलाई आता चालू ठेवण्याचे कोणतेही कारण उरलेले नाही.