पानझडीचें छायाचित्र आणि त्याची साक्ष

अलीकडे कॅमेरा प्रत्येकाच्या खिशांत आला आहे. त्यामुळें शरदांतील रंगीत पानांचीं छायाचित्रें विद्यार्थ्यांच्या दृष्टीस नित्य पडतात. परंतु त्यांतील पुष्कळांत झाडाच्या रंगापेक्षां यंत्राचाच रंग अधिक असतो, असें आम्हांस वाटतें.

काश्मीरांतील चिनारच घ्या. श्रीनगरच्या नसीम बागेंत कार्तिकाच्या सुमारास तो पिवळा, तांबूस व शेवटीं तपकिरी होतो. दिवस लहान व रात्री थंड होऊं लागल्या म्हणजे पानांतील हरितद्रव्य नाहींसें होतें. त्याखालीं आधींपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो, आणि पुष्कळ झाडांत पानांतील शर्करेच्या योगें तांबडा रंग नव्यानें तयार होतो. हें सर्व एका दिवसांत घडत नाहीं. एकाच फांदीवर हिरवें, पिवळें व करपलेलें पान शेजारीं शेजारीं असतें. सारें झाड ज्वालेसारखें दाखविणारें चित्र हा क्रमच पुसून टाकतें.

कोणी म्हणेल, रंगीत छायाचित्र निर्दोष होतें तरी केव्हां? १९०७ सालीं ल्यूमिएर बंधूंनीं विक्रीस आणलेल्या कांचा बटाट्याच्या पिठाच्या रंगविलेल्या कणांतून रंग दाखवीत. १९९० सालीं आलेली वेल्व्हिया फिल्म तर गडद रंगांसाठींच नांवाजली. हें खरें, परंतु साधनाची मर्यादा निराळी व करणाराचा हेतु निराळा. पोलरायझर कांच लाविली असतां पानावरची चकाकी जाऊन मूळ रंग दिसतो. येथें आपण पडदा दूर सारतों. मागाहून तांबडा रंग वाढवितों, तेव्हां नवा पडदा घालतों.

हा केवळ रुचीचा प्रश्न नव्हे. अमेरिकेंत २००८ सालीं सुरू झालेल्या ‘फेनोकॅम’ योजनेंत एकाच जागीं बसविलेले कॅमेरे झाडांचीं छायाचित्रें घेत असतात. हवामान बदलत असतां पालवीच्या व पानगळीच्या वेळा कशा सरकतात, हें त्यांवरून पाहतां येतें. रंगविलेलें चित्र अशी साक्ष देऊं शकत नाहीं.

आपल्याकडेही हाच नियम पाळावा. कुसुंबाचीं तांबडीं पानें ही फाल्गुन-चैत्रांतील कोवळी पालवी होय. तिला पानझड म्हणणें चुकीचें. देशी बदामाचीं पानें मात्र गळण्यापूर्वीं लाल होतात. विद्यार्थ्यांनीं जवळचें एक झाड निवडावें, ठराविक जागेवरून दर आठवड्यास त्याचें चित्र घ्यावें, खालीं तारीख व झाडाचें नांव लिहावें, आणि रंगास हात लावूं नये. चित्र थोडें फिकें दिसेल. पण तें विश्वासास पात्र ठरेल.